पूडल खेड्यात निभेल का? (मिनिएचर, 3 वर्षांची मादी)

धुऱ्यावरचा – 3 मार्च, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्ह्याकडे, यवतमाळ जिल्हा. घर जुनं पण ऐसपैस आहे, समोर आंगण, ओसरी, मागं गोठा, दोन बैल आन् एक गाय. घरात आई, बायको, मी, पोरगी सहावीत, पोरगा चार वर्षांचा. पुण्यात माझा मावसभाऊ राहते, त्याच्याकडे पूडल जातीची कुत्री आहे, मिनिएचर म्हणतात ती, नाव कोको. त्याची बदली परदेशात झाली. तो म्हणून राहिला की तुमच्याकडे जागा आहे, पोरं आहेत, तुम्हीच घेऊन जा, अनोळखी माणसाच्या हाती द्यायला जीव होत नाही.

पोरगी तेव्हापासून रोज विचारते कधी आणता म्हणून. पण मला खरंच काळजी वाटून राहिली. आमच्याकडे आजवर जे कुत्रे झाले ते सगळे गावठी, वावरात राहायचे, भाकरी-ताक खायचे, पावसापाण्यात आपले आपण सांभाळून घ्यायचे. ही फ्लॅटमध्ये वाढलेली, तिकडे महिन्याला केस कापायला नेतात म्हणे. इकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, लाईनचा भरवसा नाही, गोचिड आहेत, केस कापणारा तर जिल्ह्याच्या गावाला गेल्याशिवाय भेटत नाही. आईले दम्याचा त्रास आहे तो वेगळाच. भाऊ म्हणते पूडलची ऍलर्जी होतच नाही, हे खरं का?

हो म्हणायच्या आधी ज्यांनी पाळली त्यांच्याकडून ऐकायचं आहे. मुका जीव आहे, आणून मग हाल करण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

संत्राबाग – 3 मार्च, रात्री 10.55

भाऊ, मी काटोलकडची. लग्नाआधी नागपूरला माहेरी आमच्याकडे टॉय पूडल होता, 13 वर्षं जगला, त्यातली शेवटची चार वर्षं इथं खेड्यात माझ्याजवळ. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ही नाजूक, सोफ्यावर बसवायची जात आहे हे आधी मनातून काढून टाका. मुळात हा पाण्यातला शिकारी कुत्रा. जर्मनीकडे बंदुकीनं पाडलेली बदकं तळ्यातून उचलून आणायचं याचं काम, पूडल हे नावसुद्धा पाण्यात डुबक्या मारणे अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलं. पुढं फ्रान्सनं त्याला असं काही आपलंसं केलं की लोक त्याला फ्रेंचच समजतात. फोटोत तो कट दिसते ना, कंबर साफ अन् छातीवर, सांध्यांवर केसांचे गोळे, तोसुद्धा कामासाठीच होता. पोहताना अंग हलकं राहावं पण छाती अन् सांधे गार पाण्यात उबदार राहावे. मोठा स्टँडर्ड खांद्याला 15 इंचाच्या वर असतो, 10 ते 15 इंच म्हणजे मिनिएचर, त्याखाली टॉय. अमेरिकेत असं मोजतात, युरोपात अजून एक मधली साईज धरतात. तुमची कोको 5-7 किलोची असेल अंदाजे.

आता स्वभाव. हुशारी इतकी की कधीकधी आपल्यालाच पुरत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी 1994 साली कुत्र्यांच्या स्पर्धांमधल्या परीक्षकांना विचारून आज्ञा पाळण्याची क्रमवारी लावली, त्यात बॉर्डर कॉली पहिला अन् पूडल दुसरा. आमचा आठ दिवसांत ओळखायला लागला की बाबांनी पांढरा सदरा घातला म्हणजे ऑफिस आणि निळा घातला म्हणजे बाजार, निळा दिसला की पिशवीपाशी जाऊन बसायचा. पण लक्षात ठेवा, चांगलं जितकं लवकर शिकते तितकंच वाईटही. एकदा भुंकल्यावर पोळीचा तुकडा दिला की संपलं, त्याचा हिशेब पक्का होते, भुंकलं की पोळी.

आणि मन फार हळवं. आमच्या घरात आवाज चढला की हा दिवाणाखाली. एकदा बाबा अन् दादाचं जमिनीच्या वाटणीवरून जोरात वाजलं, कोणी याला एक शब्द बोललं नाही, पण त्या रात्री यानं ताटाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं एका ठिकाणी चहाला बसलेले पाहिले तेव्हा बाहेर आला. मारून शिकवायची ही जात नव्हे. मारलं तर शिकणं दूर, भिऊन राहील किंवा चावायला लागेल. तुमच्या चार वर्षांच्या पोरालाच आधी शिकवावं लागेल, उचलायचं नाही, खाली बसून हात पुढं करायचा, झोपलेली असली की उठवायचं नाही, खाताना जवळ जायचं नाही. लहान पूडलची गुडघ्याची वाटी सरकायची तक्रार पुष्कळदा असते, पोरानं कडेवर घेतली अन् हातातून सुटली तर पाय जाऊ शकते.

एकटेपणा मात्र सोसत नाही. सगळे वावरात अन् ही दिवसभर बंद खोलीत असं करणार असाल तर नका आणू, मनापासून सांगते. घरात आई असतात म्हणता, तीच मोठी जमेची गोष्ट आहे.

गावठीच_बरा – 4 मार्च, सकाळी 6.15

मी वेगळं बोलणार हाये, राग नका मानू. आपल्या गावात दर पावसाळ्यात पिल्लं मरून पडतात रस्त्यावर, त्यायले कोणी घरात घेत नाही आन् इकडे पुण्याहून कुत्रा आणायचा इचार. गावठी कुत्रं या मातीतलं हाये, ऊन सोसते, दिलं ते खाते, रातच्याले वावर राखते. थ्या कुरळ्या केसाच्या जनावराले विदर्भाचा उन्हाळा म्हणजे रोज परीक्षा. तुमची परिस्थिती असंन बी, पण त्या जीवानं काय म्हून सोसावं? माह्या मनात आलं ते सांगतलं.

संत्राबाग – 4 मार्च, सकाळी 8.30

दादा, विकत आणायचं विचारलं असतं तर मीपण हेच म्हटलं असतं. पण ही तीन वर्षांची घरची मादी आहे, घर सुटून राहिलं तिचं. प्रश्न पूडल का गावठी असा नाहीच आहे, हिला कोण सांभाळेल एवढाच आहे. तुमचं पिल्लांबद्दलचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं.

पशुधन_सेवा – 4 मार्च, दुपारी 1.20

मी 19 वर्षं झाली ढोरांच्या दवाखान्यात नोकरी करतो, वाशीम जिल्हा. डॉक्टर नाही, पण रोज हेच काम. चार गोष्टी.

ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करते. त्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरेनहाईट असते, 104 च्या वर गेलं की धोका सुरू. जीभ लांब बाहेर, लाळ चिकट, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, ओकारी, ही लक्षणं दिसली की वाट पाहू नका. सावलीत घ्या, अंगावर, पोटाला, मांड्यांच्या मधात पाणी टाका, पंखा लावा, अन् अंग ओलं ठेवूनच गाडीत घालून दवाखाना गाठा. मे महिन्यात टाकीच्या नळाचं पाणी चटके देते, ते नका टाकू, रांजणातलं घ्या. शुद्ध नसली तर तोंडात पाणी ओतू नका, छातीत जाते. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळूनही ठेवू नका, आतली गर्मी आतच राहते.

केसांबद्दल लोक चुकतात. ऊन आहे म्हणून वस्तऱ्यानं गुळगुळीत करून टाकतात, मग कातडी भाजते. अर्धा-पाऊण इंच केस राहू द्यायचे.

गोचिड. तुमच्याकडे गोठा आहे म्हणून हे नीट वाचा. कुरळ्या केसात गोचिड डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनीच शोधावं लागते. कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. कुत्र्यावरचं तपकिरी गोचिड घराच्या भिंतीच्या भेगांत राहते, तिथंच अंडी घालते, म्हणून नुसतं कुत्र्याला औषध देऊन भागत नाही, ओसरीच्या भेगा बुजवा. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, लघवी लाल चहासारखी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचिडापासून होणारा आजार वेळेवर सापडला तर औषधानं बरा होते, पण त्याच्या एका प्रकारात चार-चार आठवडे औषध चालते, मधात सोडायचं नाही.

बैलाचं गोचिडाचं औषध हिला अंदाजानं लावू नका. आमच्याकडे दरवर्षी असे केस येतात, बैलासाठी आणलेलं औषध थोडंसं पाण्यात टाकून कुत्र्याला चोळलं अन् संध्याकाळी कुत्रं आडवं. पाच-सहा किलोचं जनावर आहे. वजन पाहून कुत्र्याचीच गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या.

लस. तिची जुनी फाईल मागून घ्या. रेबीजची लस दरवर्षी, पार्व्हो-डिस्टेंपर अन् लेप्टो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची डॉक्टर सांगतील तशी. गावात मोकाट कुत्र्यांचा संबंध येणारच. नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, नाहीतर माजावर आली की गावातले सगळे कुत्रे तुमच्या फाटकाशी भांडतील, अन् वय झालं की गर्भाशयात पू होण्याचा धोका असते तो वेगळा. मोठं काही निघालं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला अकोल्याची पदव्युत्तर संस्थाही जमेल.

धुऱ्यावरचा – 4 मार्च, रात्री 9.10

सगळ्यांचे आभार. गावठीच_बरा भाऊ, राग कायचा, तुम्ही म्हणता ते माझ्याही मनात होतंच. आईले वाचून दाखवलं. आई म्हणाली पोरीसारखी जीव लावलेली आहे, अशी कोणाच्या तरी दारात नको पडायला. पण दम्याचं अजून कोणी सांगितलं नाही.

पुण्यातली_वऱ्हाडी – 4 मार्च, रात्री 11.30

ऍलर्जी होतच नाही हे खरं नाही. पूडलचे केस झडून घरभर उडत नाहीत, सुटलेला केस कुरळ्यात अडकून राहतो. पण ऍलर्जी केसाची नसतेच, ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. कोणाला कमी त्रास होतो, कोणाला तेवढाच होतो. आणायच्या आधी आईंना पुण्याला नेऊन दोन-तीन दिवस तिच्यासोबत राहू द्या आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा. दम्याच्या बाबतीत अंदाज नको. आणि आणली तरी आईंच्या अंथरुणावर नको, केस विंचरणं आईंनी करायचं नाही आणि ते घराबाहेरच करायचं.

मी मूळची दिग्रसची. करोनाच्या काळात पार्लर बंद होते तेव्हा माझ्या स्टँडर्ड पूडलचे केस घरीच कापायला शिकले, तेव्हापासून बाहेर नेलं नाही. तुम्हाला ग्रूमर मिळत नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही, पण रोजचे पंधरा मिनिटं द्यावेच लागतील.

लागतं काय, तर वाकड्या बारीक तारांचा स्लिकर ब्रश, स्टीलची लांब दातांची फणी, बोथट टोकाची कात्री आणि चार्जिंगचा चांगला ट्रिमर. पूडलचे केस आपल्या डोक्याच्या केसांसारखे वाढतच राहतात, थांबत नाहीत. वरवर ब्रश फिरवला की वरून कापसासारखं फुललेलं छान दिसतं आणि आत कातडीला चिकटून जटा झालेल्या असतात. म्हणून एका हातानं केस वर उचलून धरायचे, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत विंचरत जायचं. शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत न अडता गेली तरच झालं समजायचं. सगळ्यात जास्त जटा कानामागे, काखेत, गळपट्ट्याखाली आणि मागच्या मांड्यांच्या आत.

जट दिसली तर ओढू नका. बोटांनी टोकाकडून मोकळी करत आत जा, मुळाशी चिमटीत धरा म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. आणि आंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही. जटेवर पाणी पडलं की ती आवळते, मग कापण्याशिवाय इलाज नाही. खोबरेल तेल लावा असं कोणी ना कोणी सांगेलच, खेड्यात नका लावू, धूळ चिकटून अजून लगदा होतो. पाच-सहा आठवड्यांनी सगळीकडे सारखे आखूड कापायचे, तोंड, पंजे आणि शेपटीखालचा भाग साफ. प्रदर्शनातला कट आपल्याला करायचाच नाही.

कान विसरू नका. लोंबते कान, आत नळीतही केस उगवतात, हवा लागत नाही. आठवड्यातून दोनदा आत पाहून वास घ्यायचा. आंबूस वास आला किंवा डोकं झटकायला लागली की डॉक्टर. आणि दात, लहान पूडलच्या दातांवर कीट फार लवकर चढते. बोटाला फडकं गुंडाळून रोज घासा, पेस्ट कुत्र्याचीच, आपली नाही.

मेळघाटकर – 5 मार्च, सकाळी 7.05

एकच गोष्ट. रात्री आंगणात बांधून ठेवू नका. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार, जंगलाच्या कडेच्या गावात हे दरवर्षी पाहतो. तुमच्याकडे जंगल लांब असलं तरी रात्री घरातच.

धुऱ्यावरचा – 29 मार्च, रात्री 8.50

मंडळी, कोको आली. आईले घेऊन चार दिवस पुण्याला राहिलो, डॉक्टरांनाही विचारलं, आईले काही त्रास झाला नाही. फाईल आणली, लसी पूर्ण आहेत, नसबंदी झालेली आहे.

पहिले तीन दिवस पाहवलं नाही. फाटकाकडे तोंड करून बसून राहायची, मोटारसायकल वाजली की उभी, मग खाली. भावाचा एक जुना टी-शर्ट आणला होता तो अंथरला तर त्याच्यावरच झोपायची. चौथ्या दिवशी आई ओसरीत तुरीची डाळ पाखडत होती, ही हळूच उठली आन् आईच्या पायापाशी सुपाच्या वाऱ्यात जाऊन बसली. आई काही बोलली नाही, पाखडत राहिली. त्या दिवसापासून ती आईची झाली. पोरगीले थोडं वाईट वाटलं पण विंचरायचं काम तिनं घेतलं, रोज शाळेतून आल्यावर फाटकाबाहेर निंबाखाली दोघी बसतात.

एक चूक झाली ती सांगतो. आईनं प्रेमानं उरलेल्या रश्श्यात पोळी कुस्करून दिली. मी बाहेरून आलो तोवर अर्धी खाल्ली होती. पशुधन_सेवा भाऊ, काही होते का?

पशुधन_सेवा – 29 मार्च, रात्री 9.15

रश्श्यात कांदा-लसूण असते, ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. शिजवला तरी विष तसंच राहते, अन् लहान अंगाला थोडंही जास्तच. आताच तुमच्या डॉक्टरला फोन लावा, वजन सांगा, किती खाल्लं ते सांगा, ते म्हणतील तसं करा. पुढचे पाच-सहा दिवस हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग अन् मरगळ पाहा, परिणाम उशिरा दिसते. गावठी कुत्री हेच खातात म्हणून चालते असं नाही. द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेसुद्धा बंद, शिजवलेल्या कोंबडीची हाडंही नाही, टोकदार फुटतात. भात, उकडलेलं अंडं, हाड काढलेली कोंबडी, गाजर, भोपळा, भाकरी चालते, पण तिचं नेहमीचं खाणं एकदम बंद करू नका, आठ-दहा दिवसांत थोडं थोडं बदला.

धुऱ्यावरचा – 5 एप्रिल, सकाळी 7.30

डॉक्टरांना तेव्हाच फोन केला होता. त्यांनी काल रक्त पाहिलं, ठीक आहे. आईनं आता तिचं ताट वेगळं केलं, कांदा चिरायच्या आधी हिचं काढून ठेवते.

गावठीच_बरा – 5 एप्रिल, सकाळी 9.00

बरं झालं जी. आता नवतपा, मे अखेरचे थे नऊ तापते दिवस, कसा काढता थे सांगा, माहा जीव तिथंच अडकला.

धुऱ्यावरचा – 4 जून, रात्री 10.20

भाऊ, तुमच्यासाठीच लिहितो. नवतपा काढला.

केस अर्ध्या इंचावर घरीच कापले, बायकोनं धरलं आन् मी ट्रिमर चालवला, दोन संध्याकाळी लागल्या कारण ट्रिमरचं पातं गरम होते, मधात मधात गालाला लावून पाहायचं नाहीतर कातडीले चटका बसते. फिरणं पहाटे साडेपाचला आन् रात्री नऊनंतर. डांबरी रस्त्यावर हाताची उलटी बाजू ठेवून पाहायची, सात आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर तिचे पायही ठेवायचे नाहीत. दुपारी आईच्या खोलीत कूलर, दार थोडं उघडं, कारण हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसती वाफ करते. लाईन गेली की ती स्वतःच उठून न्हाणीतल्या फरशीवर पोट टेकवून झोपते, हे तिले कोणी शिकवलं नाही.

एक दिवस मात्र घाबरलो. लग्नाहून येताना उशीर झाला, दुपारी दीड वाजता लाईन नव्हती आन् घरी आई एकटीच होती, डोळा लागलेला. कोको जोरात धापा टाकत होती, हिरड्या लाल, लाळेचे दोरे. मी रांजणातला गडवा घेऊन पोटाखाली, मांड्यांत पाणी टाकत राहिलो, पोरगी सुपानं वारा घालत राहिली, आन् तशीच ओली कारमध्ये घालून एसी लावून निघालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा 103.4 भरलं. डॉक्टर म्हणाले घरून ओली करून आणली म्हणून निभलं. तेव्हापासून इन्व्हर्टरवर एक पंखा फक्त आईच्या खोलीचा काढला. तो आईसाठीही लागतच होता, आम्हीच टाळत होतो.

गावठीच_बरा – 4 जून, रात्री 10.45

वाचून डोळ्यात पाणी आलं. पोट्टीले सांगा सुपाचा वारा मोठ्या मशीनपेक्षा भारी हाये.

रिसोडवाला – 11 जून, दुपारी 4.00

हे सगळं वाचून मलापण पूडल घ्यावंसं वाटून राहिलं. ऑनलाईन एक जण टीकप पूडल देतो म्हणते, पाच आठवड्यांचं पिल्लू, बसनं पाठवतो म्हणे. घेऊ का?

पुण्यातली_वऱ्हाडी – 11 जून, दुपारी 4.40

नका घेऊ. टीकप अशी कुठली मान्य साईजच नाही, अशक्त, खुरटलेली पिल्लं एकमेकांत लावून काढतात, जरा उपाशी राहिली की साखर उतरून बेशुद्ध पडतात. आणि 2017 च्या केंद्राच्या कुत्रे पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. आईजवळ भावंडांत राहून चावायचं किती आणि कुठं थांबायचं हे पिल्लू शिकतं, ते हुकलं की पुढं जड जातं. घ्यायचंच असेल तर स्वतः जा, पिल्लाची आई डोळ्यांनी पाहा, आई-बापाचे डोळे आणि गुडघे तपासल्याचे कागद मागा. कागद नाही म्हटलं की तिथून निघा.

धुऱ्यावरचा – 2 ऑगस्ट, रात्री 9.30

आज जे झालं ते प्रत्येकानं वाचावं, विशेषतः ज्यांच्या वावरात शेततळं आहे.

शेजारच्या काकांकडे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे, पावसानं भरलेलं. धुऱ्यावरून चालताना कोकोनं पाणी पाहिलं आन् मला काही समजायच्या आत उडी. संत्राबाग ताई, तुम्ही पाण्यातली शिकारी म्हणाल्या होत्या ते त्या क्षणी कळलं. काय पोहते! मान वर, सरळ रेघेत, जणू जन्मभर तेच करत आली. पण काठाशी आली आन् प्लास्टिकवर पंजा टिकेना. शेवाळ धरलेलं. चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. तिची नखं प्लास्टिकवर वाजून राहिली होती, तो आवाज अजून कानात आहे. पाचव्या-सहाव्या वेळेला तिचं नाक पाण्याखाली गेलं. मीही आत उतरलो असतो तर मीही निघालो नसतो. काकांनी बैलाचं कासरं कुंपणाच्या खांबाला बांधून फेकलं, मी ते कमरेला गुंडाळून उतरलो आन् तिले पट्ट्याला नाही, छातीखालून धरून वर दिलं.

वर आल्यावर अंग झटकलं आन् काकांच्या पायावर डोकं ठेवून पडून राहिली. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही.

काकांनी आजच संध्याकाळी जुने टायर दोराला बांधून चारही बाजूंनी शिडीसारखे सोडले. माकडं, कोल्हे, लेकरं, कोणीही पडू शकते. उद्या आमच्या पाहुण्यांच्या तळ्यावरही टायर नेऊन टाकणार आहे. आन् यापुढं पाण्याच्या आसपास दोरी हातातच.

संत्राबाग – 2 ऑगस्ट, रात्री 9.50

देवाची कृपा. भाऊ, आता लगेच दोन्ही कान आतून कोरडे करा, मऊ कापड बोटाला गुंडाळून, काडी घालू नका. तळ्याचं पाणी कानात राहिलं की चार दिवसांत पिकतो. तिला पोहायची हौस आहे तर आंगणात ढोरांच्या जुन्या हौदात हातभर पाणी भरून द्या, खूश होईल.

पशुधन_सेवा – 2 ऑगस्ट, रात्री 10.30

आणि पुढचे दोन दिवस श्वासाकडे लक्ष ठेवा. पाणी छातीत गेलं असलं तर उशिरा त्रास होते. खोकला किंवा भरभर श्वास दिसला तर थांबू नका.

धुऱ्यावरचा – 21 सप्टेंबर, रात्री 8.15

कान ठीक, छाती ठीक. हौदाची कल्पना फार कामी आली ताई, रोज संध्याकाळी पोरगा बाहेरून चेंडू टाकते आन् ही आणून देते, पोरगा थकते, ही थकत नाही.

आता फवारणीचे दिवस चालू आहेत म्हणून वावरात नेणं पूर्ण बंद केलं. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. माणसाचं तसं, ही तर ओल्या पऱ्हाटीतून चालली की केसांत औषध घेऊन येईल आन् चाटून पोटात घेईल. मीपण फवारून आलो की आधी आंघोळ, कपडे वेगळे, मगच हिला हात.

दुसरं म्हणजे कुसळं. परवा डावा पाय सारखा चाटत होती. पोरगीनं टॉर्च धरला, मी बोटांची बेचकी उघडून पाहिली तर केसांच्या गुंत्यात कुसळ आडवं शिरलेलं, निम्मं कातडीच्या आत. त्याले मागच्या बाजूनं बारीक काटे असतात म्हणून ते पुढंच सरकते, मागं येत नाही. डॉक्टरांनी चिमट्यानं काढलं, भात्यातून बाण काढावा तसं सरळ रेघेत. आता पंज्यातले केस एकदम बारीक ठेवतो आन् फिरून आल्यावर चारही पाय, काखा, कान बोटांनी तपासतो. गोखरूही त्यातच निघतात.

पुण्यातली_वऱ्हाडी – 21 सप्टेंबर, रात्री 9.00

कानात कुसळ गेलं तर एकाएकी डोकं एका बाजूला वाकडं करून जोरात झटकेल. तेव्हा घरी काही करू नका, थेट दवाखाना, ते आत पडद्यापर्यंत जातं. दिवाळीच्या फटाक्यांचं आतापासूनच पाहा, खिडकी बंद, पंखा-टीव्ही चालू आणि आई जवळ.

धुऱ्यावरचा – 18 नोव्हेंबर, संध्याकाळी 7.40

दिवाळी आईच्या पलंगाखाली निघाली, आई जवळच बसून राहिली दोन्ही रात्री.

आता अडचण अशी की नागपूरला चुलतभावाचं लग्न आहे, तीन दिवस सगळेच जाणार, आईपण. हॉलवर हिला नेता येत नाही. केनेलमध्ये अनोळखी पिंजऱ्यात ठेवायची हिंमत होत नाही, पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसली तर. आई म्हणते मी नाही येत लग्नाला, पण तिच्या सख्ख्या पुतण्याचं आहे. कोणी काही सुचवा.

संत्राबाग – 18 नोव्हेंबर, रात्री 8.05

सुचवायचं काय त्यात, लग्नाच्या आधी एका रविवारी तिला अन् आईंना घेऊन आमच्याकडे दिवसभर या, घर दाखवू, वास ओळखीचा होऊ द्या. मग लग्नाला जाताना सोडा, परत येताना घेऊन जा. तिचं अंथरूण आणा अन् आईंची एक जुनी साडी, न धुतलेली. ब्रश आहे माझ्याकडे अजून, फणी मात्र तुमची आणा, माझ्या फणीचे दोन दात गेले आहेत.

धुऱ्यावरचा – 18 नोव्हेंबर, रात्री 8.20

ताई, येत्या रविवारी येतो. आईनं आत्ताच साडी काढून ठेवली.